टीव्ही सुरू असतो, मुले गातात. पण वाचत नाहीत

पत्राचा सारांश : मराठवाड्यातील एका तांड्यावर पहिली ते चौथीची द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळा आहे. पत्रलेखिका तेथे पहिली-दुसरीला शिकवतात. मुलांची घरची भाषा गोरमाटी, म्हणजे बंजारा समाजाची बोली. लोकवर्गणीतून शाळेत मोठा टीव्ही आल्यापासून त्या अक्षरगाणी, बाराखडीचे व्हिडिओ आणि ॲनिमेशनच्या गोष्टी रोज दाखवतात. मुले रमतात, संपूर्ण बाराखडी चालीवर म्हणतात, गैरहजेरीही कमी झाली आहे. मात्र दुसरीतील निम्म्याहून अधिक मुलांपुढे चार ओळींचा साधा परिच्छेद ठेवला की ती अडतात. एका मुलाला सुट्या 'क' वर बोट ठेवून विचारले, तर त्याने 'कमळाचा' असे उत्तर दिले. मुख्याध्यापकांचे म्हणणे, 'टीव्ही बंद करा, पाटी द्या. आम्ही पाटीवरच शिकलो.' केंद्रप्रमुखांना डिजिटल वर्गाची छायाचित्रे व्हॉट्सॲप गटावर हवी असतात. शिवाय दिवाळीच्या सुमारास वर्गातील काही मुले आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात. 'टीव्ही ठेवू की बंद करू?' असे या शिक्षिकेने विचारले आहे.

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातील सर्वांत उपयोगी माहिती 'कमळाचा' असे उत्तर देणाऱ्या त्या मुलाची आहे, म्हणून आपण तेथूनच सुरुवात करू या. त्याचे उत्तर चुकले असले, तरी जे त्याला शिकवले गेले ते त्याने अचूक उचलले आहे. अक्षरगाण्यात एकाच क्षणी तीन गोष्टी समोर येतात : कमळाचे चित्र, गाण्याची चाल आणि कोपऱ्यातला 'क'. चित्र ओळखले आणि चाल पाठ असली की गाणे म्हणता येते. अक्षराकडे पाहण्याची गरजच उरत नाही. डोळ्यांना हलणारे, रंगीत कमळ दिसत असताना सहा वर्षांचे मूल स्थिर, काळ्या अक्षराकडे कशाला पाहील? बाराखडीचेही तसेच. 'कु' कुठला असे विचारल्यावर जे मूल मनातल्या मनात 'क का कि की' पासून पुटपुटत येते, त्याला बाराखडीचा क्रम पाठ आहे, पण 'कु' हे चिन्ह अजून ओळखता येत नाही. हा दोष टीव्हीचाच आहे असेही नाही, कारण भिंतीवरच्या छापील तक्त्यासमोर वर्षभर कोरसात म्हणवून घेतले तरी परिणाम हाच होतो.

म्हणून टीव्ही ठेवायचा की नाही हे ठरवण्याआधी प्रत्येक मुलाला एकेकटे जवळ बसवून एक छोटी चाचणी घ्यावी असे सुचवतो. अक्षरे क्रम मोडून लिहावीत, सोबत चित्र नको, चाल नको. त्यांच्याबरोबर 'टमू', 'बिगा', 'लुके' असे काही निरर्थक शब्दही ठेवावेत, कारण असे शब्द कोणत्याही मुलाने आधी पाठ केलेले असू शकत नाहीत आणि ते वाचायचे तर अक्षर व मात्रा (म्हणजे काना, वेलांटी, उकार यांसारखी सगळी स्वरचिन्हे) यांची जुळणी करावीच लागते. या चाचणीतून तुमच्या वर्गाचे बहुधा तीन गट दिसतील : काहींना अक्षरेच ओळखता येत नसतील, काहींना अक्षरे येत असतील पण मात्रेपाशी ती अडखळत असतील, आणि काही मुले अडखळत सगळे उच्चारून दाखवतील पण काय वाचले ते सांगू शकणार नाहीत. या तिन्ही गटांच्या गरजा वेगळ्या असल्यामुळे एकच व्हिडिओ सर्वांना एकाच वेळी दाखवून तिघांचेही भागणार नाही. साधन कोणते, हा प्रश्न त्यानंतरचा.

मुख्याध्यापकांच्या म्हणण्याला दोन बाजू आहेत. 'आम्ही पाटीवरच शिकलो' हे वाक्य नेहमी शिकलेला माणूसच उच्चारतो. त्याच पाटीवर न शिकता तिसरी-चौथीतून शाळा सोडून गेलेले त्याचे सोबती आपली बाजू मांडायला केंद्राच्या शिक्षण परिषदेला येत नाहीत. तरीही सरांना पाटीत जे दिसते ते खरे आहे. पाटीवर मुलाचा स्वतःचा हात चालतो, चूक लगेच दिसते, पुसली जाते, पुन्हा लिहिली जाते, आणि शिक्षक मागून फिरत असताना कोण कुठे अडले आहे हे एका नजरेत कळते. टीव्हीसमोर बसलेल्या मुलाने काही केले किंवा काहीच केले नाही, तरी व्हिडिओ आपल्या गतीने पुढे जातो. सरांशी वाद घालण्यापेक्षा त्यांचा हा मुद्दा उचलून घ्यावा आणि जे पडद्यावर दिसले ते पुढच्या दोन मिनिटांत पाटीवर उतरले पाहिजे, असा वर्गाचा नियमच करून टाकावा. परंपरेबद्दल बोलायचे तर ती केवळ पाटीची कधीच नव्हती. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघांच्या साथीने कोसबाडला बालशिक्षणाचे जे काम केले, त्यात गाणी, गोष्टी आणि आजूबाजूला सहज मिळणाऱ्या वस्तू हेच साहित्य होते. अनेक माध्यमांतून शिकवणे ही टीव्हीबरोबर आलेली गोष्ट नाही.

टीव्ही स्वतःसुद्धा शाळेत काल-परवा आलेला नाही. १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या मदतीने देशातील सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत शैक्षणिक कार्यक्रम पोहोचवण्याचा मोठा प्रयोग झाला होता. पुण्यात १९८४ साली सुरू झालेल्या बालचित्रवाणीने कित्येक वर्षे मराठी शाळांसाठी कार्यक्रम तयार केले आणि २०१७ साली ती संस्था बंद झाली. त्या प्रक्षेपणाची एक मर्यादा होती, ती म्हणजे एका वर्गातील एका मुलाला अक्षर कळले नाही म्हणून कार्यक्रम थांबत नसे. तुमच्या हातात थांबवण्याचे, मागे नेण्याचे आणि आवाज बंद करण्याचे बटण आहे. पत्रात मात्र तुम्ही व्हिडिओ 'लावता' एवढाच उल्लेख आहे. तो मध्ये कुठे थांबवता का, याबद्दल काहीच लिहिलेले नाही, आणि मला वाटते गडबड तिथेच आहे.

ही अडचण तुमच्या एकट्याच्या वर्गातली नाही. मुलांच्या वाचन-गणिताची पाहणी करणाऱ्या 'असर' या सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील तिसरीच्या मुलांपैकी सुमारे २७ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता, आणि त्याच अहवालात १४ ते १६ वर्षांच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत असल्याचे नोंदवले आहे. यंत्र हाताळता आले म्हणून वाचता येतेच असे नाही, हे या दोन आकड्यांवरून दिसतेच. तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे हे केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' अभियानाचे उद्दिष्ट २०२६-२७ साठीचे आहे. त्याचे दडपण तुमच्यावर असणार हे मला समजते, पण त्या दडपणाखाली आणखी व्हिडिओ जमवू नका.

ज्यांना अक्षरेच येत नाहीत त्यांच्यासाठी व्हिडिओचा क्रम सोडून द्यावा. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी रुजवलेल्या पद्धतीत सगळी वर्णमाला संपण्याची वाट पाहिली जात नाही. थोडी अक्षरे आणि एक-दोन स्वरचिन्हे घेऊन त्यांतूनच लगेच शब्द आणि वाक्ये वाचायला दिली जातात, त्यामुळे वाचण्याचा अर्थ मुलाला पहिल्या काही आठवड्यांतच कळतो. तुम्हीही चार-पाच अक्षरांचा एक गट ठरवा आणि त्या गटातल्या अक्षरांचेच तुकडे व्हिडिओमधून निवडा. गाणे एकदा पूर्ण ऐकू द्या; दुसऱ्यांदा आवाज बंद करा, चित्रावर पुठ्ठ्याचा तुकडा धरा आणि नुसते अक्षर दाखवून मुलांना बोलू द्या. अनेक व्हिडिओंमध्ये अक्षर लिहिण्याची वळणे हलत्या रेषेने दाखवलेली असतात, आणि हे काम टीव्ही फळ्यापेक्षा चांगले करतो, कारण फळ्यावर लिहिताना शिक्षकाची पाठ मध्ये येते. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांसारख्या जोड्या अशा वेळी शेजारी-शेजारी थांबवून दाखवता येतात. व्हिडिओ निवडताना जितका साधा तितका चांगला, हे धोरण ठेवा. कॅलिफोर्निया विद्यापीठातील रिचर्ड मेयर यांनी चित्र, आवाज आणि मजकूर यांतून माणूस कसा शिकतो याचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे, आणि विषयाशी संबंध नसलेली आकर्षक सजावट काढून टाकली तर शिकणे सुधारते, हा त्यांच्या संशोधनातील एक ठळक निष्कर्ष आहे. नाचणारे माकड आणि उडणारे फुगे ज्यात कमी, तो व्हिडिओ आपला.

मात्रेपाशी अडणाऱ्यांसाठी मी तुम्हाला टीव्हीपेक्षा तुमचा फोन वापरायला सांगेन. 'दिवा' हा शब्द वाचताना मुलाला आधी वेलांटी दिसते आणि मग 'द', पण उच्चारताना 'द' आधी आणि 'इ' नंतर येते. डावीकडून उजवीकडे वाचायला नुकत्याच शिकलेल्या मुलाची येथे खरोखर पंचाईत होते, आणि आपण ती 'लक्ष नाही' म्हणून मोडीत काढतो. आता हाच शब्द फोनच्या मराठी कळफलकावर टंकून पाहा. आधी 'द' टंकावा लागतो, मग ऱ्हस्व वेलांटी, आणि ती वेलांटी मुलांच्या डोळ्यांदेखत उडी मारून 'द' च्या डावीकडे जाऊन बसते. फोनचा पडदा टीव्हीवर दाखवण्याची सोय करून हे वर्गासमोर केले, की उच्चाराचा क्रम आणि लेखनाचा क्रम यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही, तो दिसतो. एकेका मुलाला पुढे बोलावून 'किडा', 'पिशवी', 'विळा' असे शब्द टंकायला द्या आणि बाकीच्यांनी तोच शब्द पाटीवर लिहावा. पुढे तिसरीत 'सूर्य' लिहिताना 'र' आधी टंकूनही तो 'य' च्या डोक्यावर कसा चढतो, हेही असेच दाखवता येईल. यासाठी कोणतेही विकतचे ॲप लागत नाही. अक्षरांचे जे खेळ फोनवर फुकट मिळतात त्यांपैकी बऱ्याच खेळांत मूल तारा मिळेपर्यंत कुठेही बोट मारत राहते; तेवढ्यासाठी फोन मुलांच्या हाती देऊ नये.

जी मुले उच्चारतात पण अडखळत, त्यांच्यासाठी गाण्याच्या ओळी पडद्यावर दाखवण्याचा उपाय तपासलेला आहे. अहमदाबादच्या आयआयएममध्ये ब्रिज कोठारी यांनी १९९६ च्या सुमारास ही कल्पना मांडली : गाणे ज्या भाषेत ऐकू येते त्याच भाषेतील त्याच्या ओळी खाली दिसाव्यात आणि जो शब्द गायला जात आहे त्याचा रंग त्याच क्षणी बदलावा. पुढे दूरदर्शनवरील चित्रगीतांच्या कार्यक्रमांत ती वापरली गेली. गाणे तोंडपाठ असल्यामुळे पुढचा शब्द कोणता हे कानाला आधीच माहीत असते, डोळा फक्त तो शब्द छापलेला कसा दिसतो हे पाहतो, आणि असे पुन्हापुन्हा घडून वाचनाची गती वाढते. काही अक्षरे आधीपासून ओळखीची असतील तरच हे साधते, म्हणून पहिल्या गटासाठी याची घाई नको.

येथे तुमच्या तांड्याचा मोठा फायदा आहे, जो तुम्ही पत्रात अडचण म्हणून लिहिला आहे. होळीला तांड्यावर लेंगी, म्हणजे होळीची गाणी, गातात, त्या मुलांना पाठ असतात. एखाद्या आजीच्या किंवा आईच्या आवाजात अशी एक लेंगी फोनवर ध्वनिमुद्रित करा, तिच्या ओळी गोरमाटीतच देवनागरी अक्षरांत मोठ्या टाइपात टीव्हीवर ठेवा आणि गाणे सुरू असताना काठीने एकेका शब्दावर खूण करा. दुसऱ्या दिवशी त्याच ओळी कागदाच्या पट्ट्यांवर लिहून, क्रम बिघडवून मुलांना द्या आणि गाणे न लावता जुळवायला सांगा. मुलांची भाषा गोरमाटी असल्याने मराठी वाचन मागे पडते, असे तुम्ही गृहीत धरलेले दिसते. मला वाटते की एकाच वेळी नवी लिपी आणि अनोळखी शब्द असे दोन्ही डोक्यावर पडल्याने ती मागे पडतात. लिपी ओळखीच्या शब्दांवर बसली की तीच लिपी मराठीला उपयोगी पडते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही प्राथमिक टप्प्यावर घरच्या भाषेला स्थान देण्याची भूमिका आहेच, त्यामुळे कोणी विचारले तर तुमच्याकडे आधार आहे.

याच वाटेने गोष्टीकडे जाता येईल. सोमवारी एका मुलाला काल घरी काय घडले ते सांगू द्या आणि ते फोनवर ध्वनिमुद्रित करा. शेळी हरवली, याडी तिला शोधायला गेली, ती नाल्यापाशी सापडली, असे चार-पाच वाक्यांचे निवेदन असेल. ते पुन्हा ऐकवत फळ्यावर मुलाच्याच शब्दांत लिहा, 'याडी' चे लगेच 'आई' करू नका. मुले ते वाचतील, कारण त्यात काय लिहिले आहे हे त्यांना ठाऊक आहे आणि कोणाची शेळी हरवली हेही ठाऊक आहे. मंगळवारी त्याच मजकुराची मराठी आवृत्ती शेजारी लिहा आणि दोन्हींत कोणते शब्द सारखे आहेत ते मुलांना शोधू द्या. फळ्याचा फोटो काढून ठेवला तर तो पुढच्या आठवड्यात टीव्हीवर वाचनपाठ म्हणून येतो, आणि असे वीस-पंचवीस पाठ छापून शिवले की वर्गाचे पुस्तक तयार होते. तयार गोष्टी हव्या असतील तर प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर' वर मराठी चित्रकथा वाचनपातळीनुसार मोफत मिळतात आणि त्या छापून घेण्याचीही मुभा आहे. मात्र गोष्ट पडद्यावर पाहिली त्याच दिवशी तिचे एखादे तरी पान प्रत्येक मुलाच्या हातात पडले पाहिजे.

वेळेचा हिशेब स्पष्टच सांगतो. चाळीस मिनिटांच्या तासात पडदा आठ-दहा मिनिटांपेक्षा जास्त नको, आणि ती मिनिटेही सलग नकोत. उरलेल्या वेळात मुलांचे तोंड आणि हात चालले पाहिजेत. प्रत्येक पाठ वीज गेली तरी पार पडेल असा बेतावा, कारण वीज जाणारच.

तिसरी-चौथीसाठी एक सूचना मुख्याध्यापकांना जरूर द्या, त्यांना ती आवडेल असे वाटते. फोनवर बोलून मजकूर उमटवण्याची सोय मराठीतही आहे. मुलाने एक वाक्य बोलावे, ते टीव्हीवर उमटावे आणि यंत्राने काय चुकीचे लिहिले ते वर्गाने शोधावे. तांड्याच्या उच्चारांपुढे यंत्र भरपूर चुकते. ती चूक पकडायची तर प्रत्येक शब्द नीट वाचावाच लागतो, आणि यंत्राची चूक काढण्यात मुलांना जो आनंद होतो तो सरांनाही होईल.

आता ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांविषयी. मूल गावात राहू शकत असेल तर हंगामी वसतिगृहाचा पर्याय आधी पाहावा, आणि जाणारच असेल तर शिक्षण हमी पत्रक देऊन कारखान्याजवळच्या शाळेत त्याला बसता येईल हे पालकांना समजावून सांगावे. फोनवरचे शिक्षण या दोहोंची जागा घेऊ शकत नाही. पण कोपीवर, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या झोपडीत, राहणाऱ्या मुलाचा वाचनाशी धागा टिकवण्यासाठी फोनचा चांगला उपयोग होतो. व्हिडिओ पाठवू नका. डेटा संपतो आणि मूल नुसते पाहत बसते. जाताना मुलाच्या दप्तरात त्या शिवलेल्या पुस्तकाची एक प्रत द्या आणि आठवड्यातून दोनदा तुमच्या आवाजातला एक-दीड मिनिटाचा निरोप पाठवा : 'पान चार उघड, पहिल्या शब्दावर बोट ठेव, आता माझ्याबरोबर वाच.' मुलाने तेच पान वाचून आपला आवाज परत पाठवायचा. फोन वडिलांकडे असतो आणि ते फडातून रात्री उशिरा परततात, तेव्हा उत्तर दोन-तीन दिवसांनी आले तरी चालवून घ्यावे आणि आल्यावर त्या मुलाचे नाव घेऊन दोन शब्द जरूर बोलावेत.

राहिले केंद्रप्रमुख. त्यांची मागणी तुम्हाला जाचक वाटते हे साहजिक आहे, पण त्यांनाही वर कोणाला तरी काही दाखवायचे असते, आणि टीव्हीसमोर बसलेल्या मुलांचे छायाचित्र हे सर्वांत सहज मिळणारे असते म्हणून ते मागितले जाते. त्याऐवजी एकाच मुलाने ऑगस्टमध्ये आणि डिसेंबरमध्ये त्याच पातळीचे अनोळखी पान वाचतानाचे दोन ध्वनिमुद्रण पाठवून पाहा, सोबत दोन ओळींत काय केले ते लिहा. पालकांची संमती आधी घ्या, आणि गटावर पाठवताना मुलाचे नाव किंवा चेहरा येणार नाही याची काळजी घ्या, विशेषतः जे मूल अजून अडखळत वाचते त्याची. पहिले ध्वनिमुद्रण या आठवड्यातील चाचणीच्या वेळीच करून ठेवा. नंतर तुलनेला काही हाती राहत नाही.